धोंडीरामदाजींची फुंक

“दाजी, गाल फुगवा,” मी म्हणालो. “नवऱ्याच्या परण्यात वाजवायचंय, झोळीतल्या पोराला निजवायचं न्हाई.”

गावातल्या शाळेमागं आमचा टेम्पो लागला होता. बँडची माणसं लाल कोट चढवत होती, कुणी ढोलाच्या दोऱ्या ताणत होतं, आणि धोंडीराम जावीर, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मालनचे मालक, लिंबाच्या बुंध्याला टेकून क्लॅरोनेट तोंडाला लावून बसले होते. डोळे मिटलेले. समोर उभा राहिलो तर मला ऐकू येत होतं. चार पावलं मागं सरलो की लिंबावरचे कावळे ऐकू येत होते.

“फुगंनात, अण्णा,” ते म्हणाले. “मघापासनं त्येच बघतोय. गाल इसरलं.”

“गाल कसं इसरतील? भाकरी खाताना फुगत्यात की.”

सगळे हसले. दाजीही हसले. ते कशालाही हसायचे, हा त्यांचा गुण म्हणा की दोष म्हणा. मला मात्र आतून हसू येत नव्हतं. त्या दिवशी त्यांचं बँडमध्ये काय करायचं ते ठरणार होतं, आणि ठरवणारा मी होतो. बँड माझा. मोठा ढोल माझा. बहीणही माझीच.

गावाचं नाव सांगत नाही. अजून तिथल्या सुपाऱ्या आम्हालाच येतात.

धोंडीराम जावीर एके काळी काय होते ते आधी सांगायला पाहिजे. कवठ्यापासून जतपर्यंत त्यांच्यासारखी फुंक कुणाची नव्हती. ते क्लॅरोनेट तोंडाला लावायचे, गालांचे दोन टंच फुगे व्हायचे, मानेच्या शिरा कासऱ्यासारख्या तटतटायच्या, आणि सहा ढोलांच्या वर त्यांचा आवाज निघायचा. घोड्यावरच्या नवऱ्याला, त्याच्या मागच्या करवल्यांना, त्यांच्याही मागं चपला हातात घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांना गाणं कळायचं. लोक सुपारी द्यायला यायचे ते बँडचं नाव घेऊन येत नसत. “जावीर असतील तर ठरवू,” म्हणायचे. आमच्या होलार समाजात वाजवणं पिढीजात, पण असा माणूस पिढीला एखादाच.

मग माशी शिंकली ती मिरजेत. एका लग्नाला गेलो होतो. जेवणाला वेळ होता म्हणून दाजी दर्ग्याच्या बाजूला फिरायला गेले, आणि एका माडीखाली उभेच राहिले. वर दस्तगीरमास्तर वाजवत होते. म्हातारा माणूस, जन्मभर नाटक कंपन्यांत क्लॅरोनेट वाजवून आता घरी बसलेला. दाजी जिना चढून वर गेले. जेवायला आलेच नाहीत. मी शोधत गेलो तर मास्तर त्यांना सांगत होते, “वाजवा. तुमचं काय असेल ते वाजवा.”

दाजींनी जोरात एक वरातीचं गाणं लावलं. माडीची तावदानं थरथरली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आवाज लई हाय. सूर कुठं ठेवलात?”

दुसऱ्या कुणाला राग आला असता. दाजी खाली बसले.

“गाल फुगले की सूर फाटतो,” मास्तर म्हणाले. “वारा पोटातनं यायला पायजे, ओठानं धरायला पायजे. ही तोंडाशी बसवलेली जाड पत्ती फेका. पातळ घ्या. आणि बँड सोडा. इकडं सूर धरायचा आन् तिकडं जाऊन फाडायचा, असं न्हाई चालणार. दोन हंगाम सोडा. मग बघू.”

परतताना टेम्पोत मी दाजींना म्हणालो, “खुळं का काय तुमी? आपल्याला वऱ्हाड नाचवायचंय. वऱ्हाडाला सूर लागत न्हाई, जोर लागतो.”

“अण्णा,” ते म्हणाले, “पैल्या हंगामात जे येत हुतं त्येच मला आज येतंय. माणसानं वाढू न्हाई व्हय?”

“वाढायचं वय हाय का ह्ये? केस पिकलं.”

“केस तरी काळ्याचं पांढरं झालं की. मी हाय तिथंच हाय.”

दाजींना विरोध करणं म्हणजे पाण्यात काठी मारणं. ते भांडत नसत, ऐकतही नसत. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या एसटीनं मिरजेला जायला लागले. मालन बेदाण्याच्या शेडवर कामाला जायला लागली. ती मला एकदाच म्हणाली, “अण्णा, दारू प्यायला लागलं असतं तर चार माणसं समजवाय तरी आली असती. सुधारायला निघाल्याला माणसाला कोण समजवणार?”

दोन्ही हंगाम मास्तरांनी त्यांना एकच राग दिला, भीमपलास. दुपार कलताना वाजवायचा. त्यातही सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसता एक सूर धरायचा. जमलं का, असं विचारलं की मास्तर म्हणायचे, “परत.” चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. आणि दुसऱ्या पावसाळ्यात मास्तर वारले. दाजी सकाळी नेहमीसारखे गेले तर माडीखाली माणसं जमलेली.

ते माझ्याकडे आले ते मास्तरांच्या मातीवरूनच. ओट्यावर बसले. चहा दिला, घेतला नाही.

“आता बरोबर कुठलं आन् चूक कुठलं, ह्ये सांगणारं कुणी ऱ्हायलं न्हाई,” म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. रागच जास्त आला. मी म्हणालो, “तुमची जागा आता बाबूकडं हाय. बाबूचं ट्रंपेट लोकांला आवडतंय. पैला परण्या येईल त्यात तुमी पुढं उभं ऱ्हावा. मागच्या घोड्यापातूर ऐकू गेलं तर बँडची मास्तरकी तुमची. न्हाई गेलं तर झांज धरायची. मी पाव्हणा मागनं, मालक आधी.”

“बरुबर हाय,” ते म्हणाले.

तो पहिला परण्या म्हणजे हा.

आमच्याकडं लग्नाच्या दिवशी नवरा घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. त्याला परण्या म्हणतात. अक्षतांपेक्षा गर्दी त्याला जास्त. उन्हं कलली होती. घोडा आला, नवऱ्याच्या मुंडावळ्या बांधून झाल्या, आणि आम्ही निघालो. मी ढोलावर काठी टाकली. सहाही ढोल उठले, झांज उठली, बाबू माझ्या सांगण्याप्रमाणे गप्प राहिला, आणि पुढं दाजींनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं.

मी त्यांच्या मागंच होतो. बोटं पळताना दिसत होती. आवाज येत नव्हता.

नाचणारी पोरं थोडा वेळ नाचली, मग एकमेकांकडं बघायला लागली. नुसत्या ढोलावर किती नाचणार? नवऱ्याचा चुलता, फेटा बांधलेला तगडा गडी, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला.

“वो बँडवालं, ती काळी पिपाणी वाजतीया, का नुसती धरायला आणलीया?”

मी इशारा करून सगळ्यांना थांबवलं. खिशात जुनी जाड पत्ती मुद्दाम आणून ठेवली होती. ती काढून दाजींना दिली. त्यांनी पातळ काढली, जाड बसवली, आणि सगळा जीव लावून फुंकलं. तोंड लालबुंद झालं, डोळ्यांत पाणी आलं. क्लॅरोनेटातून एक असा चिरका आवाज निघाला की घोडा बिचकला. लोक खदखदून हसले. एका पोरानं तसाच आवाज तोंडानं काढून दाखवला.

दोन वर्षं मोडायला घातलेली सवय पुरती मोडली होती. आणि जी नवी लावून घेतली होती तिचा इथं काडीचा उपयोग नव्हता. तेलही गेलं, तूपही गेलं, हे लहानपणापासून ऐकत आलो. समोर उभं राहिलेलं तेव्हा पाहिलं.

मी बाबूला मानेनं खूण केली. बाबूनं ट्रंपेट उचललं आणि गाणं असं काही फोडलं की चुलत्यानं तिथंच फेटा उडवला. पोरं बेफाम नाचायला लागली. दाजींनी जाड पत्ती काढली, पुन्हा आपली पातळ बसवली, आणि बाबूच्या बाजूला चालत वाजवत राहिले. ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांनी एकदा वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. ठरायचं ते ठरलं होतं.

चावडी जवळ आली तसा गावचा एक माणूस पुढं येऊन माझ्या कानाशी लागला. “म्हसोबाच्या वळणापास्नं चावडीपातूर वाजवू नगा. त्या वाटंवरच्या एका घरातला पोरगा विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून गेला. अजून दिवस झालं न्हाईत.”

हे सांगायला लागत नाही, विचारायला लागतं, आणि मी सकाळीच विचारायला हवं होतं. सुतकाच्या दारावरून लग्न न्यायचं तर मुकं न्यायचं, ही रीत आमच्या बँडवाल्यांच्या हाडात भिनलेली असते. मोठ्या ढोलाची काठी वर गेली की सगळी वाद्यं गप्प. नाचणारे नाचायचं थांबवतात, बायका हसणं गिळतात, घोडेवाला घोड्याच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरतो. तेवढी वाट खाली मान घालून चालायची, दुसऱ्या टोकाला काठी खाली आली की पुन्हा सुरू.

वळण आलं. मी काठी वर केली. ढोल थांबले, झांज थांबली, बाबूचं ट्रंपेट थांबलं. इतक्या दणक्यानंतर एकदम शांत झालं की कानात घूं होतं. फुफाट्यात नुसती पावलं वाजत होती.

आणि त्या शांततेत क्लॅरोनेट ऐकू येत होतं.

पहिल्यांदा मला कळेचना आवाज कुठून येतोय. एवढा बारीक, एवढा सरळ. ते बाबूचं गाणं नव्हतं. ते भीमपलास होतं. मला राग कळत नाहीत, नाव मला दाजींनीच सांगितलेलं, पण दुपार कलते म्हणजे काय होतं ते मला त्या क्षणी कळलं. एक सूर आला आणि तसाच उभा राहिला, हलला नाही, थरथरला नाही. मग त्याच्या खालचा आला. आयुष्य वाजवण्यात गेलं माझं, कान ढोलानं बधिर झालेले, पण असं काही माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. माझी काठी वरच राहिली. मी दाजींना थांबवायचं विसरलो.

सगळं वऱ्हाड उभं राहिलं. मागच्या म्हाताऱ्यांपर्यंत ऐकू जात होतं. घोड्यापर्यंत तर जातच होतं.

डाव्या हाताला ते घर होतं. आत बायकांचा रडण्याचा आवाज चालला होता तो थांबला. मग दुप्पट झाला. एका बाईनं अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातली काठी गळून पडली. दारातून डोई भादरलेला एक तरणा गडी बाहेर आला. मेलेल्याचा भाऊ. त्याच्या मागं आणखी दोघं.

“आमच्या दारात वाजवतूस?” तो ओरडला. “माझा भाऊ जळाला आन् तू वाजवतूस?”

दाजींचे डोळे मिटलेले. क्लॅरोनेट तोंडात. त्या गड्यानं समोरून येऊन क्लॅरोनेटच्या खालच्या टोकावर ताकदीनं तळहात हाणला. लाकूड तोंडात घुसलं. करकन आवाज झाला. दाजी मागच्या मागं माझ्या ढोलावर पडले. पांढऱ्या कातड्यावर लाल शिंतोडे उडाले.

त्या पोराला मी आजही दोष देत नाही. घरात मयत असताना दारात वाजंत्री वाजली तर मीही तेच केलं असतं. मी डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली आणि हात जोडले. “बहिरं हायेत वो आमचं पाव्हणं,” मी म्हणालो. “काठी दिसली न्हाई त्येंला. पदरात घ्या.” गावातली चार जाणती माणसं मधे पडली. तो पोरगा मग उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागला. कुणीतरी त्याला आत नेलं.

“चला, चला, मुहूर्त टळतोय,” चुलता म्हणाला.

चावडीपासून बाबूनं पुन्हा गाणं धरलं. लोक आधीपेक्षा जास्त नाचले. झालं ते अंगावरून झटकून टाकायचं असावं. दाजी चावडीच्या कट्ट्यावर तोंडाला रुमाल लावून बसले होते. आम्ही त्यांना तिथंच ठेवून पुढं गेलो. दुसरं काय करणार? नवरा घोड्यावर होता.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आम्ही परत निघालो. टेम्पोत दाजी माझ्या शेजारी बसले. वरचे पुढचे दोन दात गेले होते, खालचा ओठ मधोमध फाटला होता. डॉक्टरनं टाके घातले होते. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. शेवटी मलाच राहवलं नाही.

“दाजी, काठी दिसली न्हाई का वो तुमाला? एवढी वर्सं बँडात काढली.”

त्यांनी रुमाल बाजूला केला.

“दिसली.”

“काय?”

“दिसली, अण्णा. काठी बी दिसली, घर बी दिसलं. आदुगर मी सगळ्यांसंगं थांबलोच हुतो.” बोलताना त्यांना ओठ आवळता येत नव्हता, शब्द लाळेबरोबर येत होते. “सगळं गप झालं. मनात आलं, अशी जागा मला पुन्हा कुठं मिळणार? मास्तर गेलं. बँडात कुणाला ऐकू जात न्हाई. घरात मालन दमून आल्याली असती. म्हनलं, एकदा. एक डाव आपलं आपल्याला तर कळू दे, वाढलो का न्हाई.”

ढोलावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

“घोड्यापातूर ऐकू गेलं?” त्यांनी विचारलं.

“गेलं.”

“कसं हुतं?”

“मला काय कळतंय त्यातलं, दाजी?”

“व्हय, त्ये बी खरंच,” ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर रक्त थुंकले. “कोमल निषाद जरा चढला. तेवढा उद्या बघतो.”

उद्या कसलं. दोन महिने त्यांना भाकरी कुस्करून खावी लागली. मिरजेच्या डॉक्टरनं दोन खोटे दात बसवून दिले. जेवायला ते चालले. क्लॅरोनेटला वरचे दात घट्ट टेकावे लागतात आणि खालच्या ओठानं पत्ती धरावी लागते. खोटे दात हलायचे, आणि फाटून सांधलेल्या ओठात मधे एक गाठ राहिली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी वारा सुटायचा. मी त्यांना मिरजेच्या दुसऱ्या एका वाजवणाऱ्याकडं नेऊन दाखवलं. त्यानं ओठ चाचपला, मला बाहेर बोलावलं आणि नुसती नकाराची मान हलवली.

त्यानंतर मालन घरी आली. कधी नव्हे ती माझ्यासमोर रडली.

“अण्णा, रोज उठून बसत्यात. वाजत कायबी न्हाई. मी शेडवर जाते तवा बसल्यालं असत्यात, येते तवा बी बसल्यालंच. शेजारची पोरं खिडकीत येऊन हसत्यात. तुमी तेवढं सांगा. माझ्या तोंडानं न्हाई निघत. तुमचं सगळं तोंडावर असतंय, तुमीच सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. “उद्या येऊन सांगून टाकतो. त्यात काय एवढं? झांज धरा म्हणावं, मानाचं काम हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. मालन चुलीपुढं भाकरी थापत होती. दाजी भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. वाटीतल्या पाण्यात पत्ती भिजत होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“बरं झालं आलासा. कान पायजेच हुता एक. बसा.”

“दाजी, मी काय म्हणत हुतो...”

“आधी ऐका तर.”

त्यांनी पत्ती बसवली, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. बोटं बरोबर जागी पडत होती, एकही चुकत नव्हती. ओठाच्या दोन्ही कडांनी वारा सुटत होता. भाता फाटल्यावर येतो तसा नुसता फसफस आवाज. त्यांनी सगळा राग वाजवला. मी सगळा ऐकला. मधे कुठंतरी एकदा, क्षणभर, चिमणीच्या पिलासारखं काहीतरी चिवचिवलं आणि गेलं.

त्यांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. हनुवटीवरून ओघळलेली लाळ बाहीनं पुसली.

“काल एवढं बी निघत न्हवतं,” ते म्हणाले. “आज कालच्यापेक्षा बरं येतंय. न्हाई?”

मालनचे हात पिठात थांबले. ती माझ्याकडं बघत होती.

“कालच्यापेक्षा बरं हाय,” मी म्हणालो.

मालननं तोंड फिरवलं. तव्यावरची भाकरी करपत होती, तिनं उलटली नाही.

“मला वाटलंच,” दाजी म्हणाले. त्यांनी पत्ती काढून पुन्हा पाण्यात टाकली. “मग उद्या बी या ऐकायला.”